मदत हवी आहे: तांबे-ॲल्युमिना इंटरफेसवर (दोन्ही जिथे भेटतात त्या सीमेवर) ॲल्युमिनाचा शेवटचा थर ऑक्सिजनचा की ॲल्युमिनियमचा?

अणुरेखा:
नमस्कार. सफायरच्या (म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनाच्या) (०००१) पृष्ठावर तांब्याचा थर वाढवून त्याचा छेद हाडफ-स्टेमखाली (जड अणू उजळ दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिला. तांब्याची (१११) प्रतले सफायरच्या पायाभूत प्रतलाला समांतर आहेत, याबद्दल शंका नाही. मात्र तांब्याच्या शेवटच्या उजळ ओळीखाली एक काळसर पट्टा दिसतो आणि त्यात ऑक्सिजन आहे की नाही, हे प्रतिमेवरून ठरत नाही. डीएफटीमध्ये (क्वांटम गणनपद्धतीमध्ये) ऑक्सिजन-टर्मिनेटेड, म्हणजे शेवटचा थर ऑक्सिजनचा असलेल्या, रचनेची चिकटण्याची ऊर्जा ॲल्युमिनियम-टर्मिनेटेड रचनेच्या अनेक पट येते, परंतु वितळलेल्या तांब्याच्या स्पर्शकोनावरून काढलेली किंमत तिच्या जवळपासही जात नाही. लेखाचा मसुदा याच एका प्रश्नावर अडला आहे. दोहोंपैकी कोणती रचना खरी, एवढेच सांगावे.

वर्णपट:
हाडफमध्ये उजळपणा अणुक्रमांकाच्या वर्गाच्या आसपास वाढतो. तांब्याचा अणुक्रमांक २९, ॲल्युमिनियमचा १३ आणि ऑक्सिजनचा ८, त्यामुळे तांब्याशेजारी ऑक्सिजन दिसणारच नाही. ईल्स, म्हणजे नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉनांनी गमावलेल्या ऊर्जेचा वर्णपट, घ्या. धातुरूप तांब्याच्या एल-३ कडेवर (वर्णपटातील त्या मूलद्रव्याच्या ठरावीक पायरीवर) तीव्र शिखर नसते. तांबे ऑक्सिजनशी जोडलेले असेल तर ते उमटते. ऑक्सिजनच्या ५३२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या के-कडेचा आकारही तपासावा. नमुन्याची जाडी किती आहे?

तरंगफलन:
ईल्स ही पुढची पायरी आहे; आधी गणनाचा प्रश्न मिटवावा. आपण दोन न जुळणाऱ्या राशींची तुलना करीत आहात. डीएफटीतील किंमत इंटरफेस फाडून दोन मोकळी पृष्ठे उरवण्याची आहे आणि ऑक्सिजनने संपणारे सफायरचे पृष्ठ मोकळे राहिले की अत्यंत अस्थिर असते, म्हणून तो आकडा फुगतो. स्पर्शकोनाची राशी मात्र समतोलातील पृष्ठांची असते. पृष्ठताण १.३ ज्यूल प्रति चौरस मीटर आणि कोन १२५ अंश धरला, तर १ अधिक कोसाइनच्या सूत्राने जेमतेम ०.५५ ज्यूल येते. दोन्ही रचनांची इंटरफेस-ऊर्जा ऑक्सिजनच्या रासायनिक विभवाच्या (वातावरणात ऑक्सिजन किती सहज मिळतो, त्याच्या मापाच्या) फलनरूपात काढली, तरच कोणती रचना कोणत्या वातावरणात टिकते हे कळेल. नमुना कोणत्या वायूत तापवला होता?

भट्टीवाला:
तांबे ॲल्युमिनाला घट्ट बसवायचे असेल, तर थोडा ऑक्सिजन मुद्दाम द्यावा लागतो. तांबे आणि क्युप्रस ऑक्साइड यांचे युटेक्टिक (सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण) १०६५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे शुद्ध तांब्याच्या १०८५ अंशांच्या थोडे आधी, आणि तेच द्रव सिरॅमिकला ओले करते. इलेक्ट्रॉनिक्सचे सब्स्ट्रेट याच पद्धतीने जोडतात. भट्टीचे तापमान काटेकोर सांभाळले, तर जोड सुटत नाही.

तरंगफलन:
जोड मजबूत कसा करावा, हे येथे विचारलेले नाही. शिवाय घन तांब्याच्या अणुथराबद्दल त्यातून काही निष्पन्न होत नाही.

भट्टीवाला:
असहमत. ऑक्सिजन मिळाल्यावर इंटरफेसचे वर्तन पूर्णपणे बदलते, हा पुरावा आपल्याच रासायनिक विभवाच्या मुद्द्याला पूरक आहे.

अणुरेखा:
जाडी सुमारे ३० नॅनोमीटर आहे. नमुना हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये तापवला. सफायर आम्लाने धुऊन थेट चेंबरमध्ये ठेवले होते. गणनात तांब्याचे जालक (अणूंची नियमित मांडणी) सफायरला जुळवून घेतले आहे. सगळेच तसे करतात.

जालक:
शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. सफायरमधील ऑक्सिजनचे सरासरी अंतर २.७५ अँगस्ट्रॉम आणि तांब्यातील अणूंचे २.५६, म्हणजे आपण तांब्याला ७.५ टक्के ताणून मग त्याचा बंध मोजला आहे. प्रत्यक्षात तांब्याची १४ अंतरे ऑक्सिजनच्या १३ अंतरांवर बसतात आणि सुमारे ३.६ नॅनोमीटरवर तीच मांडणी पुन्हा येते. मधल्या भागात काही तांबे-अणू ऑक्सिजनच्या थेट माथ्यावर, तर काही पोकळीवर येतात, त्यामुळे ‘इंटरफेसवरील बंध’ हा एकच नसतो. ही नक्षी इलेक्ट्रॉन-शलाकेच्या दिशेनेही चालू असते. ३० नॅनोमीटरच्या नमुन्यात शलाका तिच्या आठ आवर्तनांची सरासरी घेते. तो काळसर पट्टा या सरासरीमुळेही पसरट दिसू शकतो.

टर्मिनेशनविषयी माझे मत असे: सफायरमध्ये ऑक्सिजनच्या दोन थरांमधला ॲल्युमिनियम किंचित वरखाली अशा दोन उपथरांत असतो आणि त्यातला एकच उपथर ठेवून संपणारे पृष्ठ रासायनिक प्रमाणात असते, त्याला ध्रुवीयताही नसते. हायड्रोजनमुळे ऑक्सिजनचे विभव खाली जाते, म्हणून मी ॲल्युमिनियम-टर्मिनेटेड रचनेच्या बाजूने कौल देईन. परंतु आम्लाने धुतलेल्या सफायरवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट राहतात, आणि ते उरले असतील तर आपल्या दोन्ही मॉडेलांपेक्षा वेगळीच तिसरी रचना विचारात घ्यावी लागेल. थर चढवण्याआधी सफायर निर्वातात तापवले होते का?

अणुरेखा:
नाही, तापवले नव्हते. मग हाच नमुना वापरून काही सिद्ध होईल का?

जालक:
होईल. नमुन्याच्या कडेचा १० नॅनोमीटरपेक्षा पातळ भाग शोधा, तेथे एबीएफ (हलके अणूही दाखवणारी) प्रतिमा घ्या, म्हणजे ऑक्सिजनच्या ओळी दिसतील. तांब्याचा शेवटचा थर ते ॲल्युमिनियमचा पहिला थर हे अंतर मोजा आणि १४-१३ च्या मोठ्या पेशीच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकक-मांडणीच्या) सिम्युलेशनशी ताडून पाहा. मोजपट्टी म्हणून त्याच प्रतिमेतील सफायरच्या ऑक्सिजन-थरांमधले २.१७ अँगस्ट्रॉमचे अंतर वापरा.

वर्णपट:
एक सावधगिरी बाळगा. एवढ्या पातळ ॲल्युमिनामधून इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ऑक्सिजन निघून जातो, म्हणून मात्रा कमी ठेवून आधी ईल्स घ्या आणि एबीएफ नंतर, शेजारच्या न स्पर्शलेल्या भागात करा.

तरंगफलन:
मी उलट क्रम सुचवेन. ईल्सला एकाच जागी अधिक वेळ लागतो, त्यामुळे नुकसान तेथेच अधिक होते.