नकाशा नागरिकांनाही वाचता यायला हवा

वास्तुरचनेचं शिक्षण व्यावसायिकांपुरतंच ठेवावं, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १८९२मध्ये एडिनबरोचा आउटलुक टॉवर हा मनोरा हाती घेतला तो सामान्य माणसांसाठीही: आधी वरून अख्खं शहर बघायचं, मग मजल्यामजल्याने उतरत शहर, देश, जग समजून घ्यायचं. केवढी सुंदर कल्पना! शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घ्यायची तर नकाशाचं प्रमाण, छेद (इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं चित्र), चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ) कळायलाच हवं. नाहीतर जनसुनावणी नावापुरतीच उरते. विद्यार्थ्यांनीही नुसती मॉडेल्स करत बसू नये. वापरात आलेल्या इमारतीत जाऊन ऊन कुठवर येतं, लोक प्रत्यक्षात कुठून ये-जा करतात, याच्या नोंदी घ्याव्यात. व्यावसायिकांना तर स्वतःच्या जुन्या इमारतींबाबत हे सक्तीचंच करावं.