दुर्बिणीचं रबर चिकट झालंय, मदत हवी आहे

बाबांची १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची) दुर्बीण आहे, साधारण पंधरा वर्षांपूर्वीची. चिपळूणच्या घरी ते रोज सकाळी माडीवरून धनेश पक्षी बघायचे. ते गेल्यावर ती कपाटात पडून होती. यंदा गणपतीत माहेरी गेले तेव्हा म्हटलं लेकीला दाखवावी. उचलायला गेले तर खाली पसरलेल्या पेपरासकट वर आली. हाताला गूळ लागावा तसा चिकटा. पेपर सोलून काढला, पण अक्षरं दुर्बिणीवरच राहिली, तीही उलटी. आरशासमोर धरून वाचलं, हापूसच्या पेटीचा भाव निघाला!

काचा मात्र स्वच्छ आहेत. आमच्याकडची हवा बघता बुरशी कशी धरली नाही याचंच नवल. त्यामुळे टाकून द्यायचा प्रश्नच नाही.

आतापर्यंतचे प्रयोग: टाल्कम पावडर चोळली, दोन दिवस बरं वाटलं, मग पावडर नि चिकटा मिळून राखाडी लगदा झाला. वहिनी म्हणाली खोबरेल तेलाने स्टिकरचा गोंद निघतो, हेही निघेल. लावलं, आणखी बुळबुळीत झालं. (वहिनीला अजून सांगितलेलं नाही.) सॅनिटायझरने कापसावर काळं आलं खरं, पण मागे ओलसर थर राहतोय. शेजारी रंगकाम चालू आहे, तिथला पेंटर थिनर द्यायला तयार आहे. लावू का? आणि हे आतपर्यंत सडलंय की वरवरचंच आहे?

प्रतिसाद १

ताई, थिनर अजिबात नको. खालचं प्लास्टिकच विरघळेल.

तुम्ही ज्याला रबर म्हणताय ते बहुतेक रबर नाहीच. प्लास्टिकवर मारलेला पॉलियुरेथेनचा मऊ रंग असतो तो. जुने माऊस, टॉर्च, ट्रिमर चिकट होतात ते यामुळेच. हवेतल्या बाष्पाने त्या थराचे रेणू तुटत जातात, उष्णता आणि हाताचा घाम भर घालतात. एकदा तुटलेलं परत जुळत नाही, त्यामुळे पावडरीने फक्त झाकलं जातं. थर काढूनच टाकायचा.

आधी कुठेतरी कोपऱ्यात नखाने खरवडून बघा. खाली कडक प्लास्टिक लागलं तर वरचा रंगच आहे. भांड्याच्या साबणाच्या ओलसर फडक्याने तेल पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. सॅनिटायझरमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ओलसरपणा त्याचाच. अल्कोहोल दुर्बिणीवर ओतू नका, फडक्यावर घ्या. भिंगांना झाकणं लावून कडेने मास्किंग टेप चिकटवा. ओलं फडकं पाचेक मिनिटं ठेवून मग पुसा, खाचांना दातांचा जुना ब्रश. खिडकी उघडी हवी आणि गॅस बंद, पटकन पेट घेतं ते. त्या रंगावर छापलेले आकडे, नाव सगळं पुसलं जाईल, याची तयारी ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार! नख लावलं तर खाली काळं कुळकुळीत प्लास्टिक लागलं. काल दुपारी दोन तास बसून डावी नळी केली, जुन्या बनियनचे तुकडे संपले. हात लावला तर आता कोरडी, गुळगुळीत लागते. १०×५० गेलं, हापूसचा भावही गेला. उजवी नळी रविवारी करीन.

एकच अडचण आहे. दोन्ही नळ्यांच्या मध्ये, बिजागरीपाशी एक जाड पट्टी आहे, तिच्यात नख नुसतं रुततंय, खाली कडक काही लागतच नाही. ती खरोखरच रबराची असावी. तिलाही अल्कोहोल चालेल, की सोलूनच काढू?