झिस-30: तोफ ठेवली की मॉडेल नाकावर पडतंय, मदत हवी आहे

तोफवेडा: झिस-30 चं मॉडेल बनवतोय, म्हणजे सोव्हिएत कोम्सोमोलेत्स ट्रॅक्टरवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ. ट्रॅक्टरवर तोफ ठेवली की मॉडेल पुढे झुकतं. ढालही फार उंच दिसते. अजून चिकटवलेलं नाही. रविवारी प्रदर्शन आहे, लवकर सांगा.

पोलादी_पट्टा: प्रमाण कोणतं? नळी प्लॅस्टिकची की पितळी? बोगी (पट्ट्याच्या आतल्या चाकांच्या जोड्या) हलत्या आहेत का?

तोफवेडा: 1:35. पितळी, टोकाला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग). बोगी हलत्या.

पोलादी_पट्टा: मग नळीच चुकली! ब्रेक असलेली ती 76 मिमी झिस-3. झिस-30 वर 57 मिमी झिस-2 होती, तिला ब्रेक नाही. दोघींचा तोफगाडा (नळी पेलणारा सांगाडा) सारखा, म्हणून गल्लत होते. ब्रीचसकट (मागच्या बंद टोकासकट) नळी 73 कॅलिबर, म्हणजे 57 मिमीच्या 73 पट, 4161 मिमी. 35 ने भागून 119 मिमी. गाडी जेमतेम 99 मिमी, म्हणजे नळी गाडीहून लांब. पितळी नकोच, पोकळ ॲल्युमिनियमची घ्या.

दारूगोळा: त्यापेक्षा फ्रेंच ट्रॅक्टर लॉरेन 37एल करा. इंजिन मधे, मागचा हौदा मोकळा, तोफेचं वजन मागे. जर्मनांनी त्यावर 15 सेंमी हॉवित्झर चढवल्या, 94 गाड्या.

पोलादी_पट्टा: त्या 1942 च्या. त्यांना झिस-30 हवी आहे, 1941 ची, गोर्कीच्या 92 नंबर कारखान्यातली. ट्रॅक्टरचं उत्पादन थांबलेलं, म्हणून सैन्याकडचे परत मागवून जेमतेम शंभरेक बनवल्या.

दारूगोळा: आणि त्या गोळा डागताना डगमगायच्या, हेही सांगा. 50 अश्वशक्तीच्या इंजिनावर तेवढा बोजा!

रंगारी: रंग 4बीओ, म्हणजे सोव्हिएत सैन्याचा हिरवा. पांढरा धुवट रंग फक्त हिवाळ्यासाठी.

तोफवेडा: रंग विचारला नाहीये. ढाल उंच का दिसते?

पोलादी_पट्टा: चाकांचा आस आणि खालचा गाडा तसाच ठेवलाय का?

तोफवेडा: हो. फक्त चाकं आणि मागचे पाय काढले.

पोलादी_पट्टा: तिथेच घोळ झाला. खालचा गाडा काढा. फक्त फिरणारा वरचा भाग ढालीसकट बसवा. बाजूला दोन-दोन बोगी आहेत, त्या सरळ पट्टीवर ठेवून सुपरग्लूने पक्क्या करा, नाहीतर पुढची जोडी दबते. मागच्या पोकळीत शिशाचे छर्रे थोडे थोडे टाका, समतोल साधला की मगच इपॉक्सी ओता. प्रवासातली गाडी दाखवायची तर नळी चालकाच्या कक्षाच्या छपरावरच्या घडीच्या आधारात अडकवा आणि मागचे टेकू उचललेले ठेवा. गोळीबाराची असेल तर उलट.

तोफवेडा: गोळीबाराचीच. टेकू जमिनीला टेकलेले, नळी मोकळी, बरोबर?

पोलादी_पट्टा: हो. ते जमिनीत थोडे रुतलेले दाखवा.