वडिलांची बंदूक रात्रपाळीच्या गार्डला द्यायला सांगताहेत, मदत हवी आहे

नमस्कार. आमचे अण्णा लष्करातून निवृत्त झालेत. सहा वर्षं झाली, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या गेटवर गनमन आहेत. बारा बोअरची दुनळी स्वतःची, परवानाही त्यांच्याच नावाचा. गावाकडे असताना जिल्हाधिकारी कार्यालयातून काढलेला, त्यावर कारण 'स्वसंरक्षण व पीकसंरक्षण'.

मागच्या महिन्यात रात्रीचा गनमन काम सोडून गेला. तेव्हापासून एजन्सीचा सुपरवायझर मागे लागलाय, "अण्णा, बंदूक गेटवरच ठेवा, रात्री पोरगं घेऊन बसेल. पाहिजे तर चिठ्ठी लिहून द्या." त्या पोरानं आजवर फक्त काठी धरलीय. अण्णा काडतुसं रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात, घरी आल्यावर दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघतात, मगच चहा घेतात. ते नाही म्हणाले तर आता पगार अडवायची भाषा चाललीय. वर म्हणतात, "आमच्याकडे एजन्सी चालवायचं पसारा लायसन्स आहे, काही होत नाही."

चिठ्ठी चालते का? आणि या परवान्यावर नोकरी तरी चालते का? खूप काळजी लागलीय.

प्रतिसाद
ताई, चिठ्ठी अजिबात देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये लेखी परवानगीची सवलत आहे, पण ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. पहाऱ्यासाठी नाही. त्या पोराचं नाव परवान्यावर रिटेनर (म्हणजे परवानाधारकाच्या वतीनं बंदूक बाळगायची मंजुरी असलेला माणूस) म्हणून नसेल तर त्याच्या हातातली बंदूक विनापरवानाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कलम २५ खाली किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद. अण्णांवर कलम २९ आणि ३० लागू शकतं, शिवाय परवाना रद्द होईल ते वेगळंच. पसारा, म्हणजे २००५ चा कायदा, एजन्सी चालवायची परवानगी देतो; बंदुकीची नाही.

नोकरीचं मात्र हलक्यात घेऊ नका. पीकसंरक्षणाचा परवाना गेटवर वापरणं म्हणजे अटीचा भंग ठरू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, कारखाना शहर हद्दीत असेल तर पोलीस आयुक्तालयातही. पोच घ्या. उत्तर येईपर्यंत बंदूक घरीच राहू द्या.

धागाकर्ती
मनापासून आभार. कलम ३ अण्णांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आठ वाजता ड्यूटी सुटते, मी स्वतः गेटवर जाऊन त्यांना बंदुकीसकट घरी आणते. अर्ज उद्या सकाळी.