पाऊच सीलिंगचं उष्णतेचं गणिती मॉडेल मशीनशी जुळत नाहीये, मदत करा

१२ मायक्रॉन पीईटी (बाहेरचं पॉलिएस्टर) आणि ५० मायक्रॉन एलडीपीईचं (आतलं, वितळून चिकटणारं पॉलिथिन) लॅमिनेट म्हणजे जोडफिल्म, दोन्ही जॉ (फिल्म दाबणारे गरम जबडे) १५० डिग्रीला. मॉडेलमध्ये फिल्मचा बाहेरचा पृष्ठभागही १५० धरलाय, त्यात ०.१ सेकंदात आतला थर वितळतो पण मशीनवर ०.५ सेकंद देऊनही सील बोटाने सोलून निघतं. काय राहिलं?

> अरे कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स राहिला, म्हणजे जॉ आणि फिल्म पूर्ण टेकत नाहीत म्हणून उष्णतेला होणारा अडथळा! जॉवर टेफ्लॉनचं कापड असेल तर तेही घाल, ते बऱ्याचदा तुझ्या फिल्मपेक्षा जाड असतं.

> आधी दोन फिल्मच्या मध्ये बारीक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ठेवून मोज, एलडीपीई ११० च्या आसपास वितळतं, तिथवर पोचतंय का बघ. जॉच्या सेन्सरवर जाऊ नकोस, तो आत खोल असतो.

टेफ्लॉन आहे, मधे सुरकुतलंय आणि तपकिरी पडलंय. उद्याच बदलून मोजतो, खूप आभार दादा!