अपील पेंडिंग असताना ‘न्यू ट्रायल’: फेरसुनावणी का फेरखटला?

जुळेसोलापूरकर: अमेरिकेतल्या एका फौजदारी केसची बातमी मराठीत करतोय. तिकडं फेडरल कोर्टात दोषी ठरल्यावर आरोपी त्याच जजपुढं न्यू ट्रायलचा अर्ज टाकू शकतो, पण वर अपील पेंडिंग असेल तर वरच्या कोर्टानं केस रिमांड केल्याशिवाय जजला तो मंजूर करता येत नाही. मी ‘फेरसुनावणी’ लिहिलं तर शेजारचे वकीलकाका म्हणाले साफ चूक. आणि रिमांडला काय लिहू, आपल्याकडं रिमांड म्हटलं की पोलीस कोठडीच.

कोर्टातली_ताई: काका बरोबर आहेत. फेरसुनावणीत कागद तेच, फक्त युक्तिवाद परत. न्यू ट्रायल म्हणजे साक्षीदार परत पिंजऱ्यात, म्हणून फेरखटला. रिमांडला ‘केस खाली परत पाठवली’ लिहा. आपल्याकडं खालच्या कोर्टाला हे जमतच नाही, निकालावर सही झाली की लिहिण्यातली चूक सोडून काही बदलता येत नाही. फेरखटल्याचा आदेश अपिलाचं कोर्टच देतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ३८६, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४२७.

निवृत्त_शिरस्तेदार: फेरखटला हा पेपरवाल्यांचा शब्द. सरकारी मराठीत ट्रायल म्हणजे न्यायचौकशी.

शेंगाचटणी: चौकशी पाहुण्याची करतेत मालक. २००४ ला सुप्रीम कोर्टानं २००२ च्या दंगलीतल्या बेस्ट बेकरी जळिताची केस गुजरातबाहेर महाराष्ट्रात चालवायला सांगितली तेव्हा टपरीवर ‘केस परत चालणार’ एवढंच म्हणत होते, सगळ्यांना कळलं की.

निवृत्त_शिरस्तेदार: काय कळलं? तिथं २१ जण निर्दोष सुटले होते, ते सुटणं रद्द झालं. शिक्षा रद्द होऊन फेरखटला लागला तर लोक ‘सुटला’ म्हणून पेढे वाटतात, आणि तो सुटलेला नसतो, पक्क्या, म्हणजे शिक्षा लागलेल्या, कैद्याचा कच्चा, म्हणजे केस चालू असलेला, कैदी झालेला असतो, जामीन नव्यानं मागायचा.

जुळेसोलापूरकर: कच्चा कैदी भारी, हे घेतो. पण नवी ट्रायल मिळाली की आधीचा निकालच उरत नाही, मग ते अपील कशावर चालणार? ‘अपील निकाली निघाली’ चालेल?

कोर्टातली_ताई: निकाली म्हणजे कोर्टानं ऐकून ठरवलं असं वाटतं, इथं ठरवायला काही राहिलंच नाही. ‘निरर्थक ठरलं’ लिहा. आणि अपील ‘ते’ हो, ‘ती’ नाही.

शेंगाचटणी: सोलापुरात अपील टाकलीच म्हणतेत.

निवृत्त_शिरस्तेदार: हिंदीची लागण, दुसरं काय.

पूर्वभाग_पेठ: खटल्यावरनं आठवलं, आमची आजी मोठ्या कुटुंबाला खटलं म्हणायची, ‘एवढं खटलं एकटीनं ओढलं’. शब्द एकच का? मला तर खटपटीवरनं आलेला वाटतो.

शेंगाचटणी: खटपट कुठली बे, घरात माणसं वाढली की कोर्टात जातेतच, तिथनंच आला असणार.

निवृत्त_शिरस्तेदार: व्युत्पत्ती अशी चावडीवर ठरत नसते.

जुळेसोलापूरकर: अहो पान संध्याकाळी सुटतंय, फेरखटला का फेर न्यायचौकशी?

कोर्टातली_ताई: शेंगाचटणी, घरातल्या वाटणीचा दावा असतो, तो दिवाणी. खटला फौजदारीत.

शेंगाचटणी: आमच्या भावकीत वाटणी मागायला गेलं की मारामारीच होती, ती कशात धरायची ताई?