मदत हवी आहे: दारावरच्या कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्ड करणं गुन्हा आहे काय? (बेळगाव)

शहापूरकर_07
दारावर कॅमेरा आहे, आवाजासकट. शेजारी म्हणालाय, आमचं बोलणं रेकॉर्ड करालाय, पोलिसात देतो. कायदा काय आहे? हो की नाही एवढंच सांगा, उद्या बसून बोलायचं आहे त्याच्याशी.

कोएक्स_कारभारी
एवढ्यावर कोण सांगणार? वायफायचा आहे की डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा)? तोंड गल्लीकडे की त्याच्या दाराकडे? तुमच्याकडे भिंतीला भिंत आणि कट्ट्याला कट्टा. चित्रात फक्त तुमचा उंबरा आला तरी माईकला हद्द कळत नाही, शेजारच्या कट्ट्यावरचं बोलणं येतंच. प्रायव्हसी मास्क लावलाय म्हणून निवांत असाल तर तेही नको. मास्क चित्रावर काळा चौकोन टाकतो, आवाज सुरूच राहतो.

वकिली_चष्मा
घरच्या कॅमेऱ्यात आवाज घेऊ नये असं थेट सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून मोकळं रान आहे असंही नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या आधारावर शेजारी दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागू शकतो. 2023 चा डेटा संरक्षण कायदा स्वतःच्या घरगुती वापराला लागू नाही, पण क्लिप गल्लीच्या ग्रुपवर टाकलीत तर घरगुती म्हणणं अवघड जाईल. आयटी कायद्याचं 66ई कलम कोणी तोंडावर फेकलं तर घाबरू नका. ते गुप्तांगांच्या चित्रणाबद्दल आहे, आवाजाबद्दल नाही.

निपाणी_नाका
कर्नाटकात 30 दिवस फुटेज ठेवावंच लागतं, 2017 चा कायदा आहे. आधी मोठी हार्डडिस्क घ्या.

कोएक्स_कारभारी
अहो, तो गर्दीच्या आस्थापनांसाठी आहे, घराला नाही. आणि डिस्कचं कोणी विचारलंय? विषय काढलाच आहे तर ऐका: 64 केबीपीएसने आवाज दिवसाला साधारण 0.7 जीबी खातो, 2 एमबीपीएसचं चित्र 21 जीबीच्या वर. आवाजाने डिस्क भरत नाही.

शहापूरकर_07
डीव्हीआर आहे, 4 कॅमेरे. एक दारावर, एक जिन्यात, दोन मागे. आवाज बंद करा म्हणू नका. तोच शेजारी गाडी लावण्यावरून शिव्या देतो, मला पुरावा पाहिजे.

वकिली_चष्मा
जिन्यात? जिना कोण वापरतं?

शहापूरकर_07
वर भाडेकरू आहेत. त्यांची कुठं तक्रार आहे?

वकिली_चष्मा
हे पहिल्या ओळीत सांगायला पाहिजे होतं की. शेजाऱ्यापेक्षा हाच कॅमेरा तुम्हाला जास्त गोत्यात आणेल. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये राहत्या भागातले कॅमेरे दुसऱ्याच्या संमतीशिवाय चालवायला मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तुमचं प्रकरण हुबेहूब तसं नाही, पण त्यांचा वकील तोच निकाल पुढे करणार. जिन्यातला आवाज आजच बंद करा, कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या दारावरून हलवा आणि भाडेकरारात कॅमेऱ्याची ओळ घाला.

निपाणी_नाका
चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालतच नाही, उगाच आशा लावू नका.

वकिली_चष्मा
चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1972 च्या मलकानी निकालापासून चालतं, आणि जुलै 2025 मध्ये नवरा-बायकोच्या वादातही चालेल असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. दाखल होणं आणि खरं मानलं जाणं यात मात्र फरक आहे. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि सोबत फाइलचं हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा. म्हणून क्लिप डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर मूळ स्वरूपातच काढा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते, मग हॅश जुळत नाही. डीव्हीआरचं घड्याळ मागेपुढे असेल तर ते फरकासकट लिहून ठेवा, उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.
नुसत्या शिवीगाळीला बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम 352 लागतं आणि ते अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. शेजारी जिवे मारीन म्हणाला असेल तर धमकीचं कलम 351 बघावं लागेल. म्हणाला काय तो?

अनगोळ_अण्णा
अर्ज कन्नडात द्यायचा की मराठीत? ठाण्यात मराठी अर्ज घेत नाहीत म्हणतात.

निपाणी_नाका
घेतात की, हक्क आहे आपला!

वकिली_चष्मा
तो वाद दुसऱ्या धाग्यावर. इथे सोयीचं सांगतो: मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडा, प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, प्रकरण मिटवून हिंबरह (पोलिसांचं लेखी उत्तर) दिलं तर ते जपून ठेवा.

टिळकवाडी_टूल्स
एवढं कशाला? जिन्यातल्या माईकच्या भोकात सिलिकॉन भरा. काम झालं.

कोएक्स_कारभारी
नाही होत. आवाज दबतो, पण बारीक येतच राहतो. वॉरंटी जाते, आणि मेनूत ऑडिओ सुरूच दिसतो. म्हणजे भाडेकरूच्या वकिलाला आयता मुद्दा.
शहापूरकर, सेटिंग असं करा. डीव्हीआरमध्ये कॅमेरा, मग एन्कोड, तिथे जिन्याचा चॅनेल निवडा. मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम, दोन्हींचा ऑडिओ काढा. घोळ इथेच होतो. मेनचा काढला की डिस्कवर आवाज येत नाही, पण मोबाइलवर लाइव्ह बघताना बहुतेक वेळा सब स्ट्रीम असते, तिथे सगळं ऐकू येतं. काही मॉडेलवर वेगळा ऑडिओचा खूण-चौकोन नसतो, "व्हिडिओ अँड ऑडिओ" च्या जागी नुसतं "व्हिडिओ" निवडायचं. अॅपमधलं स्पीकरचं चिन्ह दाबू नका, त्याने तुमचा फोन गप्प होतो, रेकॉर्डिंग नाही.

शहापूरकर_07
डीव्हीआरच्या मागे आवाजाची पिन लावलेली दिसत नाही, मग आवाज कुठून यालाय?

कोएक्स_कारभारी
माईक कॅमेऱ्यातच आहे, आवाज चित्राच्याच कोएक्स वायरीवरून येतो. ऑडिओ सोर्स "लोकल" करून बघा, मागे काही जोडलेलं नसल्यामुळे तो चॅनेल गप्प होतो. मग जिन्यात उभं राहून टाळी वाजवा, प्लेबॅक डीव्हीआरवर ऐका आणि लाइव्ह मोबाइलवर. फर्मवेअर अपडेट किंवा रीसेट झालं की हे सगळं परत तपासा, ऑडिओ बऱ्याचदा आपोआप चालू होतो.

शहापूरकर_07
जिन्याचा बंद झाला. दाराचा ठेवला तर चालेल ना?

वकिली_चष्मा
ठेवा, पण दारावर कन्नड-मराठीत "इथे आवाजासह चित्रण होते" अशी पाटी लावा. आणि शेजाऱ्याने कोर्टाचा मनाई हुकूम आणला तर त्याच दिवशी बंद करा. तो काय म्हणाला ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.